भांडं त्यांचं, नाव आपलं

ब्रिटनमधल्या मराठी मंडळींत हमखास हशा मिळवून देणारा एक विषय म्हणजे लीजच्या गाडीवर स्वतःच्या नावाची नंबरप्लेट लावणारा माणूस. गणपतीच्या कार्यक्रमाला हॉलबाहेर अशी गाडी उभी दिसली, की कोणीतरी म्हणतंच, 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.' गाडी कंपनीची, हप्ता पगारातून परस्पर कापला जाणारा, तीन वर्षांनी गपगुमान परत करायची. आणि पाटी अशी, की जणू वाड्याच्या दरवाजावर ठोकली आहे. ज्यांनी आपली दहा वर्षं जुनी गाडी रोख पैसे मोजून घेतलेली असते, ते या हशात सगळ्यांत पुढे असतात.

मला या हशाविरुद्ध लिहायचं आहे. आणि त्याचबरोबर लीजच्या गाडीवर आपलं नाव लावू नये, हेही सांगायचं आहे. हसणाऱ्यांच्या मते हा माणूस चुकतो, कारण तो उसना तोरा मिरवतो. माझ्या मते त्याच्या तोऱ्यात काही वावगं नाही. तो फसतो ते निराळ्या ठिकाणी: स्वतःच्या पैशानं घेतलेली वस्तू तो एका कंपनीच्या नावावर करून देतो, आणि बहुतेक वेळा आपण असं काही केलं आहे हे त्याला ठाऊकही नसतं. आपण त्याच्या हौसेला हसत बसतो, त्यामुळे ज्या नियमानं हे घडतं त्या नियमाकडे कोणाचं लक्ष जात नाही.

आधी हा नंबर म्हणजे काय ते पाहू. १९०३च्या मोटार कार कायद्यानं ब्रिटनमध्ये गाड्यांवर क्रमांक लावणं सक्तीचं केलं आणि १ जानेवारी १९०४पासून ते अमलात आलं. हेतू साधा होता. धूळ उडवत गेलेली मोटार कोणाची, हे पोलिसाला आणि रस्त्यावरच्या माणसाला ओळखता यावं. म्हणजे हा आकडा गाडीवाल्याच्या सोयीसाठी नव्हताच, बाकीच्यांच्या संरक्षणासाठी होता. पण माणसाचा स्वभाव बघा. लंडनचा 'ए १' हा क्रमांक मिळवला अर्ल रसेल यांनी, तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांच्या थोरल्या भावानं. आणि त्यासाठी ते रात्रभर रांगेत उभे राहिले अशी कथा आजही सांगतात. ओळख पटवण्यासाठी आलेला आकडा पहिल्या दिवसापासून मिरवण्याचा आकडा झाला. तेव्हा ही हौस काल-परवा आलेल्या परदेशी लोकांनी आणली, असं कोणी समजू नये. ती उमरावांच्या घरातून आली आहे.

पुढची जवळजवळ पंचाऐंशी वर्षं हा व्यवहार खासगीत चालला. कोणाच्या जुन्या मोडक्या गाडीवर चांगला क्रमांक असे, तो दलालामार्फत विकला जाई. १९८९ साली सरकारनंच दुकान टाकलं. गाड्यांची नोंदणी करणारं खातं, म्हणजे डीव्हीएलए, आकर्षक क्रमांक स्वतः विकू लागलं, त्यांचे लिलाव करू लागलं. २०१४च्या अशाच एका लिलावात '२५ ओ' हा क्रमांक ५,१८,४८० पौंडांना गेला. फेरारीची २५० ही जुनी मालिका प्रसिद्ध आहे, आणि हा क्रमांक अगदी तसाच वाचता येतो. त्याआधी २००८मध्ये एसेक्स कौंटी कौन्सिलनं आपल्याकडचा 'एफ १' ४,४०,६२५ पौंडांना विकला होता. कौन्सिलकडे हा नंबर होता, कारण एकेकाळी ती स्वतःच नोंदणी करत असे. हे आकडे सांगण्याचं कारण एवढंच, की या देशात नंबरप्लेटची हौस हा सरकारमान्य, सरकारनं जोपासलेला आणि सरकारच्या तिजोरीत भर घालणारा धंदा आहे. दुकानदारानं पाटी लावून बोलवायचं आणि आत गेलेल्या गिऱ्हाइकाला आपण हसायचं, हा कुठला न्याय?

आता गिऱ्हाइकाच्या हातात नेमकं काय पडतं ते पाहू, कारण खरी मेख इथे आहे. तुम्ही पैसे भरता तेव्हा नंबर तुमच्या मालकीचा होत नाही. तो एखाद्या वाहनावर लावण्याचा हक्क तुम्हाला मिळतो. त्याचं एक प्रमाणपत्र येतं. ते दहा वर्षं चालतं आणि पुढे फुकट वाढवून मिळतं. अक्षरांमधली जागा इकडेतिकडे करून नाव जास्त ठसठशीत दिसावं म्हणून खटपट केलीत, तर हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि नंबर कायमचा काढूनही घेतला जाऊ शकतो. गाडी आहे त्यापेक्षा नवी दिसेल असा नंबर लावता येत नाही. जुनी दिसली तर मात्र हरकत नाही.

प्रमाणपत्र कपाटात आहे तोवर हा हक्क तुमचा. ज्या क्षणी नंबर गाडीवर चढतो, त्या क्षणी तो हक्क त्या गाडीच्या 'रजिस्टर्ड कीपर'कडे जातो. हा कीपर म्हणजे लॉगबुकावर ज्याचं नाव आहे तो. लॉगबुक हा मालकीचा पुरावा नाही, असं त्या लॉगबुकावरच छापलेलं असतं. पण नंबरच्या बाबतीत सगळी किल्ली त्याच्याच हातात. नंबर गाडीवरून उतरवायचा अर्ज कीपरनं करायचा आणि उतरवलेल्या नंबरचा कागदही कीपरच्याच नावानं निघायचा. तुमची स्वतःची गाडी असेल तर कीपर तुम्हीच, त्यामुळे प्रश्न येत नाही. पीसीपी किंवा हायर पर्चेसवर घेतली असेल तरी लॉगबुकावर बहुधा तुमचंच नाव असतं. पण खऱ्या अर्थानं लीजवर घेतलेल्या गाडीचा, म्हणजे ज्याला इथे कॉन्ट्रॅक्ट हायर म्हणतात तिचा, कीपर ही लीज कंपनी असते. म्हणजे पैसे तुमचे, आद्याक्षरं तुमच्या वडिलांची, आणि गाडीवर चढल्यापासून हक्क कंपनीचा.

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात. स्टीलच्या दुकानात घरघर करणाऱ्या सुईनं कारागीर ताटा-वाट्यांवर नाव आणि तारीख कोरून देतो. लग्नात आलेला कुकर, सत्यनारायणाला घेतलेली परात, सगळ्यावर नाव. त्यामागे मिरवणं थोडं असतं, पण खरा हेतू व्यवहाराचा असतो. शेजारणीकडे डबा गेला तर तो कोणाचा हे कळावं आणि तो घरी परत यावा. नाव भांड्याला घरी आणतं. लीजच्या गाडीवर लावलेल्या नंबरात हे सगळं उलटं होतं. इथे भांडं दुसऱ्याचं असतं आणि आपण त्यावर आपलं नाव कोरून घेतो. भांडं मालकाकडे परत जातं तेव्हा नावही त्याच्याबरोबर जातं.

हे नुसतं तर्कट नाही. माझ्या ओळखीच्या एका मराठी नर्सबाईंच्या बाबतीत हेच झालं. वडील गेल्यावर त्यांची आद्याक्षरं आणि जन्मसाल जुळवून त्यांनी एक नंबर घेतला. फार महाग नव्हता, पण त्यांच्या महिन्याच्या शिलकीच्या मानानं स्वस्तही नव्हता. गाडी सॅलरी सॅक्रिफाइसची होती, म्हणजे नोकरीच्या ठिकाणामार्फत, पगारातून करापूर्वी पैसे कापून घेतलेली. पुढे त्यांनी नोकरी बदलली. नोकरी संपली की अशा योजनेतली गाडीही संपते. गाडी न्यायला माणूस आला, त्यानं ओरखडे मोजले, चाव्या घेतल्या आणि गेला. नंबर उतरवून घ्यायचा असेल तर काही आठवडे आधी लेखी कळवायला हवं होतं, हे त्यांना नंतर फोनवर समजलं. तोवर गाडी लिलावाला गेली होती. फोनवरचा माणूस सभ्यपणे म्हणाला, 'तो नंबर वाहनाबरोबर हस्तांतरित झाला आहे.' त्या वाक्यात नियमाच्या बाहेरचं काही नव्हतं. ही गोष्ट मी एका ठिकाणी सांगितली तेव्हा समोरच्या गृहस्थांची पहिली प्रतिक्रिया होती, 'पण लीजच्या गाडीवर असले लाड करायचेच कशाला?'

या 'कशाला'शी माझं भांडण आहे. त्यामागे आपल्या मध्यमवर्गाची एक जुनी समजूत आहे: नाव लावायचं तर मालकी हवी. ऋण काढून सण करू नये, दुसऱ्याच्या वस्तूवर मिरवू नये. समजूत ऐकायला भारदस्त आहे, पण आपण स्वतः ती कधीच पाळलेली नाही. मुंबईतल्या चाळींत आपल्या दोन-तीन पिढ्या भाड्याच्या खोल्यांत राहिल्या. त्या प्रत्येक खोलीच्या दारावर पाटी होती. कुठे पितळी, कुठे लाकडावर रंगवलेली, पुढे बी.ए. असेल तर तेही. खोली घरमालकाची होती, म्हणून कोणी आजोबांना हसलं नाही. 'स्वतःचं घर होईल तेव्हा पाटी लावा,' असं कोणी सांगितलं नाही. उलट ती पाटी म्हणजे गावाकडून आलेल्या माणसाचं शहरात बस्तान बसल्याची खूण होती. भाड्याच्या जागेवर आपलं नाव लावणं हा दांभिकपणा असेल, तर निम्मा गिरगाव दांभिक होता.

फरक आहे तो कायद्याचा. त्या भाडेकरूमागे भाडेनियंत्रण कायदा उभा होता आणि पाटी चार स्क्रू काढले की त्याची त्याला परत मिळत होती. घर सोडताना घरमालकानं पाटी ठेवून घेतली, असं कधी ऐकलं आहे का? लीजच्या गाडीवरच्या पाटीला तेवढंही संरक्षण नाही.

आणि हे नाव लावावंसं का वाटतं, याचाही थोडा विचार करू. इथे आलेल्या माणसाचं नाव पहिल्या महिन्यातच कापलं जातं. हर्षवर्धनचा हॅरी होतो, समृद्धीची सॅम होते, आडनावातला 'ळ' विमानतळावरच राहतो. कॉफीच्या कपावर, हजेरीच्या पत्रकात, डॉक्टरच्या दवाखान्यात दुसरा माणूस आपल्या सोयीनं आपलं नाव लिहितो आणि आपण मान डोलावतो. नंबरप्लेट ही अशी एक जागा आहे, जिथे माणूस आपल्या नावाचं स्पेलिंग स्वतः ठरवतो आणि सरकारला ते मान्य करायला लावतो. तेही धड होत नाही म्हणा. जास्तीत जास्त सात खुणा, त्यात आकडे हवेतच. 'आय' हे अक्षर ब्रिटनच्या नेहमीच्या क्रमांकांत नाही, ते आयर्लंडच्या वाट्याला गेलं आहे. म्हणून विजयला एकाचा आधार घ्यावा लागतो आणि 'एस'साठी पाचाचा. एवढ्या कसरतीनंतर जे उमटतं त्यात लांबून वाचणाऱ्याला नाव दिसतही नाही. पण लावणाऱ्याला दिसतं. शिवाय लीजवाल्याची गाडी दर तीन वर्षांनी बदलते, रंग बदलतो, कंपनी बदलते. त्या सगळ्यात एक गोष्ट आपली कायम असावी असं त्याला वाटलं, तर ते मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही.

हौसेचा प्रश्न आला की महाराष्ट्राकडे बोट दाखवलं जातं, म्हणून तेही बघून टाकू. तिकडे इंग्रजी आकड्यांतले चार-एक-चार-एक वरून रेघ ओढून 'दादा' होतात, दोन-एक-चारचे 'राम' होतात. सरकारचा दरही चढता आहे: २०२४मध्ये राज्य सरकारनं शुल्क वाढवलं, तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांत चारचाकीच्या 'एक' नंबरासाठी सहा लाख रुपये झाले. पण 'दादा' लिहिलेली पाटी आणि नर्सबाईंची पाटी यांत मूलभूत फरक आहे. आकडे वाकवून क्रमांक वाचता येऊ नये अशी सोय करणारा माणूस रस्त्यावरच्या पादचाऱ्याचा हक्क हिरावून घेतो, धडक देऊन पळालेली गाडी ओळखण्याचा. त्याला दंड झालाच पाहिजे. नर्सबाईंनी मात्र नियमात बसणारा, स्वच्छ वाचता येणारा, सरकारनंच विकलेला नंबर रीतसर लावला होता. दोघांना एकाच हौशी टोपलीत टाकणं हा आळस आहे.

लीज कंपन्यांची बाजूही मांडायला हवी. त्या म्हणतात, गाडी आमची, दंडाच्या नोटिसा आमच्याकडे येतात, रस्त्याचा कर आम्ही भरतो, तेव्हा कीपर आम्हीच असायला हवं. हे बरोबर आहे. त्या असंही म्हणतात, की नंबर बदलला की आमच्या नोंदी, विमा, सर्व्हिसचा हिशेब, सगळं बदलावं लागतं, म्हणून आम्ही शुल्क लावतो आणि मुदत ठेवतो. हेही समजू शकतं. काही कंपन्या तर स्वच्छ सांगतात, की आमच्या गाडीवर खासगी नंबर चालणार नाही. मला हे उत्तर सगळ्यांत प्रामाणिक वाटतं. पण जी कंपनी शुल्क घेऊन नंबर लावून देते, तिनं तो लावण्याचे पैसे घेतलेले असतात, ठेवून घेण्याचे नव्हेत. गाडी परत आली की आपण विसरलेला चष्मा, मुलाची खेळणी, गाण्यांची सीडी ती सामान म्हणून परत देते. मग शेकडो, कधी हजारो पौंडांचा नंबर तेवढा 'वाहनाबरोबर हस्तांतरित' कसा होतो? तर तिला तसं करू देणारा नियम आहे म्हणून. आणि तो नियम कंपनीचा नाही, सरकारचा आहे.

माझा मुख्य आरोप म्हणूनच सरकारवर आहे. नंबर विकताना सरकारला माणूस दिसतो: त्याचं नाव दिसतं, कार्ड दिसतं, प्रमाणपत्रावर खरेदीदार आणि 'नॉमिनी' अशा दोन जागाही दिसतात. म्हणजे पैसे एकाचे आणि वाहन दुसऱ्याचं असू शकतं, ही कल्पना डीव्हीएलएला परकी नाही. तरीही नंबर गाडीवर चढला की खरेदीदार पुसला जातो आणि फक्त कीपर उरतो. पूर्वी गाड्या बहुतेक लोक विकत घेत, तेव्हा हे खपून गेलं. आता विजेच्या गाड्यांवरचा कर सरकारनंच कमी ठेवला, त्यामुळे नोकरदारांची रांग सॅलरी सॅक्रिफाइसच्या लीजकडे लागली. म्हणजे एका हातानं लोकांना दुसऱ्याच्या गाडीत बसवायचं, दुसऱ्या हातानं त्यांना नावाचे नंबर विकायचे, आणि दोन्हींच्या मधल्या फटीत जे पडेल त्याची जबाबदारी घ्यायची नाही.

दुरुस्ती अवघड नाही. नंबर लावताना, ज्यानं पैसे भरले त्याचं नाव नोंदीत 'हक्कदार' म्हणून राहू द्या. गाडी विकताना किंवा लिलावाला नेताना कीपरनं त्याला कळवणं सक्तीचं करा, आणि ठराविक मुदतीत तो नंबर त्याच्या नावानं उतरवता येऊ द्या. कीपर गाडीचा राहील, नंबर ज्याचा त्याचा राहील. एवढी एक ओळ नोंदीत वाढवायला किती खर्च येईल? ज्या खात्याला लिलावात एका आकड्याचे पाच लाख पौंड मिळतात, त्याला तो नक्कीच परवडेल.

तोवर काय करावं? माझा सल्ला स्पष्ट आहे: लीजच्या गाडीवर आपला नंबर लावू नका. प्रमाणपत्र कपाटात ठेवा. तिथे त्याला काही होत नाही. दहा वर्षांनी वाढवून घ्यायलाही पैसे पडत नाहीत. कधीतरी स्वतःच्या नावाचं लॉगबुक येईल, मग ती गाडी पंधरा वर्षं जुनी का असेना, त्या दिवशी लावा. आणि लावल्यावाचून राहवतच नसेल, तर तीन गोष्टी कंपनीकडून लेखी घ्या: नंबर परत मागण्याची मुदत किती, उतरवल्यावर तो तुम्हाला नॉमिनी करून देणार की नाही, आणि नोकरी गेली, गाडी चोरीला गेली किंवा अपघातात मोडीत निघाली तर काय. या तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी शांतता पसरते. विमा कंपनीनं मोडकी गाडी उचलून नेण्याआधी नंबर उतरवला नाही तर तो गेला, आणि त्या वेळी अर्ज करणारा कीपर तुम्ही नसता. ऐंशी पौंडांच्या सरकारी शुल्कात ही माहिती मिळत नाही, म्हणून इथे सांगतो.

ज्यांना अजूनही हसू येत असेल त्यांनी जरूर हसावं. फक्त हसताना एकदा आपल्या स्वतःच्या व्यवहारांकडे बघावं. घर बँकेचं, फोन करारावरचा, गाणी महिन्याच्या वर्गणीची, फोटो कोणाच्या तरी सर्व्हरवर. आणि या सगळ्यावर आपण आपलंच नाव लावलेलं आहे. लीजच्या गाडीतल्या माणसाची पाटी तेवढी रस्त्यावरून दिसते. कराराच्या मुदतीनंतर यातलं काय आपल्याला परत मिळणार, हे ज्यानं वाचून घेतलं आहे, त्यानं पहिला दगड उचलावा.